टेबल क्रमांक सात : वाचकांची पत्रं, निवृत्त अधीक्षकबाईंची उत्तरं

या महिन्यातली चार पत्रं एकाच दोऱ्यात ओवल्यासारखी आली, कार्यालयातला बाई-पुरुष भेद आणि सहकाऱ्यांची साथ यांभोवती, म्हणून बाकीची (पेन्शनच्या अंशराशीकरणाची म्हणजे काही भाग एकरकमी घेण्याची, सेवापुस्तकात चुकलेल्या जन्मतारखेची) पुढच्या अंकावर टाकली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी १९८५ साली एका जिल्हा परिषदेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि २०१९ साली अधीक्षक म्हणून बाहेर पडले. पहिली सात वर्षं सात नंबरच्या टेबलावर काढली, सदराचं नाव तिथलंच. हॉलमध्ये तेवीस माणसं, त्यात आम्ही तिघी. १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकरीत बायकांना ३० टक्के आरक्षण आलं तेव्हा एक साहेब मला म्हणाले होते, ‘आता काय, तुमचंच राज्य.’ राज्य काही आलं नाही. पण बायकांच्या संडासाला कडी लागली.

प्रश्न : मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे, बांधकामाची बिलं बघते. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. शाळेतून फोन आला की मला चारलाच निघावं लागतं. अशा वेळी शेजारच्या टेबलाचे भाऊसाहेब माझं काम सांभाळतात, कधी नाही म्हणाले नाहीत. पण परवा चहाच्या वेळी त्यांनीच म्हटलेलं कानावर आलं, ‘बाईमाणसाचं बरं असतं, पगार पूर्ण, काम अर्धं.’ मार्चअखेर मी रोज रात्री नऊपर्यंत बसले होते, ते कोणाच्या लक्षात नाही. मी त्यांची मदत घेणं बंद करू का? की हलकं टेबल मागून घेऊ? (एक भगिनी, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : ताई, आधी भाऊसाहेबांची बाजू घेते, राग मानू नका. ते बोलले ते वाईटच. पण असं बघा, तुमचं बिल त्यांनी पुढे सरकवलं तर ते कागदावर कुठे दिसतं? टिप्पणीवर आद्याक्षर तुमचं, निपटारा तुमच्या टेबलाचा. त्यांचं स्वतःचं काम तेवढा वेळ पडून राहतं आणि ते मात्र त्यांच्या नावावर थकीत दिसतं. त्यांनी हे चारपाच वेळा हसत केलं असेल. सहाव्या वेळी माणूस चहाच्या टपरीवर बोलतो. उपकाराला व्याज लागतं, आणि ते असं कुजबुजीतून वसूल होतं.

हे मी १९९१ साली शिकले. मुलीला टायफॉइड झाला, बारा दिवस ती आणि मी दवाखान्यात. रजेचा अर्ज भावाच्या हाती पाठवला, आत काय चाललंय याची शुद्ध नव्हती. आमचे बारनिशीवाले (टपालाची आवक-जावक नोंदणारे) काका, साताऱ्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी माझ्या टेबलाचं टपाल रोज संध्याकाळी साडेपाचनंतर बसून काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यात एका शिक्षकाचं निवृत्तिवेतन प्रकरण त्यांच्या नजरेतून सुटलं, आणि नेमकी पुढच्या आठवड्यात दप्तर तपासणी. मी हजर झाले तेव्हा टेबलावर ‘कारणे दाखवा’ नोटीस येऊन पडलेली. काका साहेबांकडे गेले, म्हणाले, ‘ते दिवस मी बघत होतो, चूक माझी.’ साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? ‘तुमचा काय संबंध? कागदावर तुमचं नाव कुठंय?’

म्हणजे बारा संध्याकाळी काकांनी केलेलं काम त्यांच्या खाती जमा झालं नाही, आणि न केलेलं एक काम माझ्या खाती लागलं. दोघंही नुकसानीत. काका त्यानंतर माझ्याशी पहिल्यासारखेच होते. अवघडले होते मी. पुढची दोन वर्षं मी त्यांच्याकडे साधी टाचणी मागितली नाही.

म्हणून मदत बंद करू नका, ती कागदावर आणा. तुमच्या कार्यालयात कार्यविभागणीचा आदेश असेलच, नसेल तर मागा. त्यात प्रत्येक टेबलासमोर पर्यायी कर्मचाऱ्याचं नाव लिहिलेलं असावं : हे नसताना हे बघतील. आणि दोन्ही बाजूंनी. भाऊसाहेब रजेवर गेले की त्यांचं टेबल तुमच्याकडे. तुम्ही त्यांचं टेबल कधी सांभाळलंय का? पत्रात तसं काही दिसलं नाही. नसेल तर ते आधी करा, आणि त्यांनी न मागता करा. त्यांच्या घरीही कोणी म्हातारं असेल, पोरीचं लग्न ठरत असेल.

अधीक्षक झाल्यावर असा एक पानी आदेश मी दर जानेवारीला काढायची. पहिल्या वर्षी पुरुष मंडळी कुरकुरली, ‘हे मॅडमने बायकांसाठी काढलंय.’ एकाने तर त्याला ‘हळदीकुंकू आदेश’ असं नावच ठेवलं होतं. मे महिन्यात त्याच गृहस्थांच्या वडिलांना पुण्यात बायपाससाठी न्यावं लागलं. अकरा दिवस त्यांचं टेबल दोघींनी चालवलं, जावक क्रमांकासकट. हळदीकुंकू हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

दुसरं, चारला तोंडी सांगून निघणं थांबवा. त्यानेच ‘काम अर्धं’ म्हणायला जागा मिळते. महिला कर्मचाऱ्यांसाठी २३ जुलै २०१८ चा बालसंगोपन रजेचा शासन निर्णय आहे : मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत १८० दिवस, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. (तो निघाला तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि माझी मुलगी स्वतः बाळंतपणाला आली होती. असो.) रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे १९८१ च्या रजा नियमांतलं वाक्य तुमचे साहेब तोंडावर फेकतील. फेकू द्या. तुम्ही लेखी अर्ज करा आणि नाकारायची असेल तर लेखी नाकारा म्हणा. लेखी नकार द्यायला साहेब लोकांच्या हाताला मुंग्या येतात. दम्याचा त्रास थंडीत आणि पावसाच्या सुरुवातीला वाढत असेल तर आठ-दहा दिवस तेव्हाच मागा, आगाऊ. आगाऊ मागितलेल्या रजेची कोणी टपरीवर चर्चा करत नाही.

हलकं टेबल? अजिबात नको. आवक-जावकच्या टेबलावर एकदा बसवलेली बाई तिथेच निवृत्त झालेली मी पाहिली आहे, आणि प्रत्येक गोपनीय अहवालात तिच्याबद्दल ‘शांत स्वभाव’. बिलांचं टेबल म्हणजे शिकण्याचं टेबल. ते सोडलंत तर तुमच्या मनाविरुद्ध तुम्हीच भाऊसाहेबांचं वाक्य खरं कराल.

आणि ते रात्री नऊचं. पुरुष उशिरापर्यंत बसला की तो कामसू. बाई बसली की पहिला प्रश्न, ‘घरी कोण बघतं?’ ते मोजलं जाणार नाही, त्याची वाट बघू नका. उलट पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून आला तेव्हापासून रोजची सुटायची वेळच सव्वासहा झाली आहे. शनिवार मिळाला म्हणून सगळे खूश होते. शाळेची गाडी साडेचारला येते हे त्या हिशोबात कोणी धरलं होतं, कुणास ठाऊक.

प्रश्न : मी पुरुष कर्मचारी आहे. अपघातानंतर पत्नी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे. मुलगी आठवीत आहे. बालसंगोपन रजेबद्दल विचारलं तर आस्थापनेचा लिपिक सगळ्यांसमोर हसला, ‘तुम्ही काय अंगाई म्हणणार का?’ अर्ज करण्याची आता लाज वाटते. (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : भाऊ, त्या लिपिकाने शासन निर्णय वाचलेला नाही. वर सांगितलेल्या निर्णयातच पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याचा समावेश आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, निर्णयाची प्रत जोडा, त्यातली ती ओळ लाल पेनाने अधोरेखित करा. हसणाऱ्याशी वाद घालायचा नाही, आवक शिक्का घ्यायचा.

एक निरीक्षण सांगते. चौतीस वर्षांत पुरुषांनी वडिलांच्या दवाखान्यासाठी मागितलेल्या रजेवर कोणी हसलेलं मला आठवत नाही. मुलाच्या शाळेच्या मीटिंगसाठी कोणी अर्धा दिवस मागितला की हमखास हसू. तेव्हा बरेच जण ‘गावी शेताची मोजणी आहे’ असं खोटं लिहून मुलाच्या स्नेहसंमेलनाला जात. एकाने सहा वर्षांत तीच जमीन नऊ वेळा मोजली. तुम्ही खरं कारण लिहा. तुमच्यामागून कोणाला तरी सोपं जाईल.

प्रश्न : मी लोकप्रशासनात एम.ए. करतो. ‘शासकीय कर्मचाऱ्यांची बांधिलकी : लिंगभाव आणि सहकाऱ्यांचं साहाय्य’ या विषयावर प्रबंधिका आहे. तीन कार्यालयांत प्रश्नावली भरून घेतली. स्त्रिया आणि पुरुष यांच्या बांधिलकीत फारसा फरक येत नाहीये, आणि साहाय्य तर सगळ्यांनाच भरपूर मिळतं असं दिसतंय. माझ्या मार्गदर्शकांना हे पटत नाही. माझं काय चुकलं? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस. प्रश्नावलीची प्रत पाठवलीस हे फार बरं केलंस. आधी सांग, भरून कोणी घेतली? पत्रात लिहिलंयस, ‘कार्यालयप्रमुखांच्या सहकार्याने’. म्हणजे गठ्ठा साहेबांच्या केबिनमध्ये गेला, शिपायाने वाटला, शिपायाने गोळा केला आणि परत केबिनमध्ये ठेवला. बाळा, अशा कागदावर कोणती बाई लिहील की मला सहकारी मदत करत नाहीत? मी तरी सगळीकडे ‘पूर्णतः सहमत’वर खूण केली असती आणि पोळी-भाजी खायला गेले असते.

दुसरी गोष्ट. तुझा चौथा प्रश्न : ‘आपण ही नोकरी सोडण्याचा विचार करता का?’ अरे, सरकारी नोकरी कोण सोडतं! बांधिलकीचे तीन प्रकार मेयर आणि ॲलन यांनी १९९१ साली मांडले, ते तुझ्या प्रकरण दोनमध्ये आहेतच : जिव्हाळ्याची, हिशोबाची आणि कर्तव्यबुद्धीची. तुझा प्रश्न फक्त हिशोबाची मोजतो. २००५ च्या १ नोव्हेंबरआधी लागलेला माणूस जुन्या पेन्शनसाठी चिकटून राहतो, नंतर लागलेला जुनी पेन्शन मिळेल या आशेवर. जुन्या पेन्शनसाठी झालेला मार्च २०२३ चा संप आठव. त्यात बाई-पुरुष असा फरक दिसेलच कसा? घराचा हप्ता दोघांनाही तेवढाच येतो.

जिव्हाळा मोजायचा तर वेगळं विचार. शेवटची बदली झाली तेव्हा चार्ज देताना किती दिवस थांबलात? तुमच्या टेबलावर आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणायच्या आधी फाईल उघडून बघता का? निवृत्तीनंतर कोणी जुन्या प्रकरणाबद्दल फोन केला तर सांगाल का? मला अजून येतात फोन. मी सांगते. नवरा म्हणतो, तुला कोणी पगार देतं का याचा? जिव्हाळ्याची बांधिलकी म्हणजे बहुतेक हेच असावं, पण हे पाच पर्यायांच्या चौकटीत बसवशील कसं, ते तुझं तू बघ.

आता सहकाऱ्यांचं साहाय्य. इथे तुझी खरी गल्लत आहे. तू एकच प्रश्न विचारलास, ‘सहकारी मदत करतात का?’ मदत दोन जागी मिळते, डब्यावर आणि टपरीवर. दुपारी दीडला बायकांचे डबे एकत्र उघडतात. तिथे मिळणारी मदत खरी असते. सासूचं ऑपरेशन, पोराचं ॲडमिशन, कुठला डॉक्टर चांगला, भिशीचा नंबर या महिन्यात कोणाला जास्त गरजेचा. माझ्या आयुष्यातले दोन सर्वांत वाईट महिने त्या डब्यांवर निघाले. पण त्या डब्यावर आम्हाला कधी कळलं नाही की विभागीय परीक्षेचे अर्ज निघालेत, की सेवाज्येष्ठता यादीवर हरकती घ्यायची मुदत शुक्रवारी संपते आहे, की नवीन उपमुख्य कार्यकारी अधिकारी टिप्पणी दीड पानाच्या वर वाचत नाहीत. ते सगळं टपरीवर कळायचं. आणि टपरीवर आम्ही जायचो नाही. जायला कोणी बंदी केली नव्हती. फक्त एकदा गेले होते, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि एकाने मला बसायला स्टूल दिलं. बसून चहा पिणारी मी एकटी, बाकी सगळे उभे. परत गेले नाही.

१९९८ च्या ज्येष्ठता यादीत माझं नाव चार जागा खाली गेलं होतं. हरकत घ्यायची मुदत गेल्यावर मला कळलं, तेही हळदीकुंकवाला, साहेबांच्या बायकोकडून. पदोन्नती दोन वर्षं पुढे गेली. आता तुझ्या प्रश्नावलीत मी काय लिहिलं असतं? ‘सहकारी मदत करतात : पूर्णतः सहमत.’ खोटं नव्हतं ते. तेव्हा प्रश्न फोड. मन हलकं करायला कोण आहे, काम सांभाळायला कोण आहे आणि बातमी द्यायला कोण आहे, असे तीन वेगळे. माझी खात्री आहे, पहिल्यात बायका पुढे येतील, तिसऱ्यात नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपने यात किती फरक पडला, हेही विचार. माझ्या निवृत्तीच्या सुमारास आमच्या कार्यालयाचा एक अधिकृत ग्रुप होता, आणि पुरुषांचा दुसरा होता.

तुलना करतानाही टेबल बघ. रोखपाल बाई आणि रोखपाल पुरुष यांची तुलना कर, आवक-जावकची बाई आणि बांधकामाचा पुरुष यांची नको. नाहीतर टेबलाचा फरक तू लिंगभावाच्या नावावर टाकशील.

मार्गदर्शकांना मात्र एक गोष्ट माझ्याकडून सांग. बाईची बांधिलकी संसारामुळे कमीच असणार, हे गृहीतक नवीन नाही, ते एके काळी सरकारच्या नियमातच लिहिलेलं होतं. अण्णा राजम मल्होत्रा १९५१ च्या तुकडीतल्या, देशातल्या पहिल्या आयएएस बाई. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशातच अट होती की लग्न केलंत तर सेवा संपेल. तो नियम पुढे रद्द झाला, आणि याच बाईंनी नंतर आपल्या न्हावाशेवा बंदराची उभारणी केली. परराष्ट्र सेवेत तर लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येईल, असा नियम होता. फक्त बायकांसाठी. त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी साधा मुद्दा मांडला, की घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येऊ शकतात हे पुरुषालाही लागू पडतं. म्हणजे तुझ्या प्रबंधिकेचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने तुझ्या जन्माआधीच लिहून ठेवलाय. फरक आला नाही म्हणून घाबरू नकोस. फरक कुठे नाही हे दाखवणं हाही निष्कर्षच. फक्त तो शिपायाने गोळा केलेल्या गठ्ठ्यावर उभा करू नकोस.

प्रश्न : मी वीज वितरणात लाइनवर काम करते. आमच्या कार्यालयात एकोणीस पुरुष आणि मी एकटी. सगळे चांगले आहेत, दादा-काका म्हणते मी त्यांना. पण खांबावर चढायची वेळ आली की म्हणतात, ‘तू राहू दे, आम्ही आहोत ना.’ तीन वर्षं मी खाली उभी राहून सामान देते आणि परतल्यावर रजिस्टर लिहिते. प्रशिक्षणात मी पुरुषांच्या बरोबरीने चढले होते. त्यांना दुखवायचंही नाही. आणि हो, कार्यालयात बायकांसाठी शौचालय नाही, समोरच्या पाटीलकाकूंकडे जाते. (एक ताई, विदर्भ)

उत्तर : शौचालयाचं आधी. पाटीलकाकू देव माणूस आहेत, पण त्या गावाला गेल्या की काय करतेस? उपअभियंत्यांना लेखी दे, पोच घे, दर महिन्याला स्मरणपत्र दे, मागच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख घालून. तिसऱ्या स्मरणपत्राला हलतात. आमचीही कडी तिसऱ्यालाच लागली होती.

खांबाचं अवघड आहे, कारण तुझ्या दादा-काकांच्या मनात खरोखरच माया आहे. शिवी देणाऱ्याशी भांडता येतं, मायेने काम काढून घेणाऱ्याशी कसं भांडायचं? पण तीन वर्षं रजिस्टर लिहिणारी मुलगी उद्या वरच्या पदाच्या यादीत आली, की हेच दादा म्हणतील, तिला लाइनचा अनुभव कुठे आहे? तेही खोटं बोलत नसतील. तेव्हा सगळ्यांशी बोलू नकोस. त्यांतला जो सर्वांत जुना आणि कमी बोलणारा आहे त्याला एकट्याला गाठ. ‘काका, तुमच्या निवृत्तीआधी तुमच्या हाताखाली मला वर चढायचंय, खाली तुम्ही थांबा,’ म्हण. मदत नको म्हणू नकोस, वेगळी मदत माग. आणि चढलेल्या दिवशी रजिस्टरमध्ये काम कोणी केलं त्या रकान्यात स्वतःचं नाव लिही. रजिस्टर तुझ्याच हातात आहे ना?

मी आयुष्यात खांबावर चढले नाही, म्हणून आमच्या गल्लीतल्या निवृत्त वायरमन मामांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तिला विचारा, हातमोजे कोणाच्या मापाचे घालते? स्टोअरमध्ये सगळे मोठ्या हाताचे असतात, ते बोटांत घसरतात आणि पाना पकडता येत नाही, मग पोरगी वर घाबरते आणि खालचे म्हणतात, बघा. तेव्हा चढायच्या आधी तुझ्या मापाची जोडी स्टोअरकडून मागून घे. तीही लेखीच.